पारणे

आमच्या कोल्हापुरात माणसाची विचारपूस जेवणापासून सुरू होते. रस्त्यात भेटलेला ओळखीचा माणूस 'बरे आहात ना?' असे म्हणण्याआधी 'जेवलासा काय?' असे विचारतो, आणि पुष्कळदा उत्तराची वाट न पाहता हाताला धरून घरी नेतो. पाहुण्याने तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी नको म्हटली, तर यजमानिणीचा चेहरा उतरतो. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून दिलेले दूध उभ्याउभ्या पिणारी माणसे अजून या गावात आहेत, आणि कोण एका बैठकीत किती खाऊ शकतो याच्या कथा पैलवानांच्या कुस्त्यांइतक्याच रंगवून सांगितल्या जातात. अशा गावात एक मुलगी वर्षभर उपाशी राहिली आणि ते कोणाला कळले नाही, असे मी सांगू लागलो तर ते कोणाला खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे. आणि ज्यांना ते कळायला हवे होते, त्यांत पहिला मी होतो.

दिवाळीच्या अंकात, समोर चिवड्या-चकलीचे ताट असताना, असला विषय कशाला, असे वाचक म्हणतील. त्यांची क्षमा मागून मी एवढेच म्हणतो, की फराळाच्या ताटाभोवती घरातली सगळी माणसे जमतात ते हेच चार दिवस. जे सांगायचे ते सगळ्यांना एकदम सांगता येईल, असा दुसरा मुहूर्त मला सापडला नाही.

मी शिक्षक आहे. रात्री फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माणसांचे चेहरे वाचता येतात, असा माझा एक समज होता. लेखकांना तो असतोच. तो समज कसा गेला, त्याची ही गोष्ट.

शाळेत दरवर्षी मुलांची उंची आणि वजन घेतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणीसाठी डॉक्टरांचे पथकही येते. वजन घेण्याचे काम चांगले आहे. ते करण्याची आमची रीत वाईट होती. वर्गात सगळ्यांसमोर काटा मांडायचा, शिपायाने आकडा मोठ्याने वाचायचा आणि वर्गशिक्षकाने तो पटावर लिहायचा. आठवीच्या वर्षी त्या मुलीची पाळी आली, आकडा वाचला गेला, आणि मी सहज, अगदी सहज म्हणालो, "अगं, रस्सा जरा कमी ओरपत जा. काटा मोडेल शाळेचा!" वर्ग खदखदून हसला. तीही हसली. ती हसली म्हणून मी ते विसरून गेलो.

नववीत ती फार गुणी मुलगी झाली. 'झाली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तसे मीच शिक्षकांच्या खोलीत म्हटले होते. वह्या आरशासारख्या स्वच्छ. गृहपाठात एक शब्द चुकला तर सगळे पान फाडून पुन्हा लिहायची. पहाटे उठून धावायला जायची. वर्गातल्या मैत्रिणींना घरून काही ना काही करून आणायची. कधी नाचणीचे लाडू, कधी शेंगदाण्याची पोळी. स्वतः मात्र त्याला हात लावायची नाही. "मी घरी खाऊन आले सर." श्रावणात तिने सोमवार धरले, शनिवार धरले. नवरात्रात नऊ दिवस धरले. अंबाबाईच्या गावात नवरात्राचे उपवास करणाऱ्या बायका घरोघरी असतात. पण चौदा वर्षांच्या मुलीने ते इतक्या कडकपणे करावे, याचे मला कौतुक वाटले. ते कौतुक मी मनात ठेवले असते तरी चालले असते. मी वर्गात उभा राहून म्हणालो, "संयम शिकायचा असेल तर हिच्याकडून शिका."

दसरा झाला, तिचा उपवास सुटला नाही. "पौर्णिमेपर्यंत धरलाय सर." मग मार्गशीर्षातले गुरुवार आले. आपल्या पंचांगात उपवासाला तिथी कधी कमी पडत नाही. ज्याला उपाशीच राहायचे आहे त्याला रोज एखादे निमित्त सापडते.

आमच्या शाळेत स्वच्छतेचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. डिसेंबरात एकदा त्या वर्गाच्या दाराशी घुटमळत उभ्या राहिल्या. "सर, एक सांगू काय? रागाला येऊ नका. त्या पोरीचं मला काय खरं दिसंना. कधी चार घास पोटात गेलं की पळत जातीया, नळ मोठा सोडतीया, आन् डोळं लाल करून भाईर येतीया. माझी पोर असती तर म्या कवाच दवाखान्यात न्हेली असती."

मी म्हणालो, "मावशी, पित्त झालं असेल. परीक्षेचे दिवस आहेत."

त्या काही बोलल्या नाहीत. बादली उचलून गेल्या. मी पुन्हा वह्या तपासू लागलो.

जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीचा सराव चालू असताना, ती मैदानावर कोसळली. उन्ह चांगले चढले होते आणि तिच्या अंगात स्वेटर होता. उचलताना तिचा हात माझ्या हाताला लागला; तो बर्फासारखा गार होता. स्वेटरच्या बाहीत तो कुठेतरी हरवल्यासारखा होता. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासले आणि तिला लगेच दाखल करून घेतले. रक्तातले क्षार इतके उतरले होते की हृदयाचे ठोके बिघडू लागले होते. तिची आई बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती: "घरी म्हणायची शाळेत जेवले. शाळेत म्हणायची घरी जेवले." आम्ही दोघेही एकमेकांवर विसंबून होतो, आणि त्या दोन भरवशांच्या मधल्या फटीत ती वर्षभर राहत होती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, रोज पाच-सहा तास समोर असते ही. तुम्हाला काही दिसलं नाही?"

मी म्हणालो, "दिसलं होतं. पण चांगलं दिसलं होतं."

त्या दिवसापासून मी या आजाराविषयी मिळेल ते वाचू लागलो. तो काही मोबाईलच्या युगाने जन्माला घातलेला नाही. १८७० च्या दशकात लंडनच्या विल्यम गल या वैद्याने त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लासेग नावाच्या डॉक्टरांनी असेच रुग्ण वर्णिले. खाऊन ते बाहेर काढून टाकण्याच्या दुसऱ्या प्रकाराला, 'बुलिमिया'ला, १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी वेगळे नाव दिले. मनाच्या साऱ्या आजारांत ज्यांत माणसे सर्वांत अधिक दगावतात, अशा थोड्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते. हे मला ठाऊक असते तर पित्ताचे नाव माझ्या तोंडून निघाले नसते.

पण सर्वांत अधिक मला शिकवले ते एका निराळ्याच प्रयोगाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी झालेल्या युरोपाला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यांना शोधायचे होते. झाले असे, की त्या धडधाकट तरुणांची मनेच बदलली. ते दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले. ताटातल्या घासाचे तुकडे तुकडे करून तास तास चिवडत बसू लागले. त्यांना थंडी वाजे, चिडचिड होई, माणसे नकोशी होत. आणि पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणे थांबवता येईना. हे वाचताना मला ती मैत्रिणींसाठी लाडू करून आणणारी मुलगी दिसली. ज्याला मी तिचा स्वभाव समजत होतो, त्यातले निम्मे तिची भूक होती. उपाशी मेंदूला समजुतीच्या गोष्टी सांगून उपयोग होत नाही, कारण जिने समजून घ्यायचे ती बुद्धीच उपाशी असते. म्हणून या आजारात पहिले औषध अन्नच. आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेताबेताने, कारण फार दिवसांच्या उपाशी देहाला एकदम भरपूर खाऊ घालणेही जिवावर बेतू शकते.

यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी मला विचारले, "अहो, ज्या देशात पोरांना शाळेत आणायला खिचडी शिजवावी लागते, तिथे हे श्रीमंती थेर कशाला?" त्यांचा प्रश्न रागाचा असला तरी खोटा नव्हता. शाळेतल्या माध्यान्ह भोजनाची देशव्यापी योजना १९९५ मध्ये सुरू झाली, आणि मुलांना शिजवलेलेच अन्न द्या असा हुकूम २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला काढावा लागला. भुकेची लाज आपल्याला ओळखता येते. तिच्याशी आपण पिढ्यान्‌पिढ्या झगडलो आहोत. पण अन्न समोर असताना उपाशी राहणारे मूल आपल्याला ओळखता येत नाही, कारण त्याच्याकडे पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय नाही. दोन्ही मुलांची हाडे सारखीच झिजतात. मृत्यू काही घरातले धान्याचे डबे तपासून येत नाही.

आणि हे श्रीमंतांचे आहे म्हणावे, तर फिजी बेटांवरचा अनुभव काय सांगतो? त्या बेटांत भरल्या अंगाची माणसे देखणी मानली जात. कोणी वाळला की शेजारीपाजारी काळजीने विचारत. अगदी आपल्या कोल्हापूरसारखे. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये दूरदर्शन संच आले. ॲन बेकर या संशोधिकेने त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी ओकारी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती; तीन वर्षांनी त्या शेकडा अकरांवर होत्या. ती पेटी एका घरात असे आणि दहा घरे पाहत. आज तसली पेटी प्रत्येक पोरीच्या दप्तरात आहे, आणि ती तिला दिवसभर दुसऱ्यांच्या कंबरा दाखवते.

मुलींचेच कशाला सांगू? आमच्या शाळेतला एक मुलगा आंतरशालेय कुस्त्यांसाठी खालच्या वजनगटात बसावा म्हणून पहाटे दोन स्वेटर घालून रंकाळ्याभोवती धावत असे, पाणी पीत नसे आणि दिवसभर रुमालात थुंकत असे. त्याने पदक आणले. आम्ही फलकावर त्याचा फोटो लावला. ज्या गावात १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभारले, जिथे पैलवान म्हणजे खुराक हे समीकरण आहे, तिथे पैलवानाचे पोर उपाशी असेल हे कोणाच्या मनात येणार? आणि हा खेळ जिवावर बेततो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अवघ्या काही आठवड्यांत तीन कॉलेज-कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या खटपटीत मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम कुस्तीच्या सकाळी शंभर ग्रॅमने भरली आणि बाद झाली. सारा देश त्या शंभर ग्रॅमवर हळहळला. ते उतरवण्यासाठी तिने आदल्या रात्री देहाचे काय केले, यावर फार थोडे बोलले. मी हे आमच्या पेठेतल्या एका वस्तादांजवळ काढले. ते म्हणाले, "सर, पोरगं वजनात बसवायचं नसतंय. पोराला पेलंल त्यो गट बघायचा असतोय. खाशाबा बघा की." मी पाहिले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला फ्लायवेट गटात उतरले तेव्हा सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते त्याच्या वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या प्रवासाच्या पैशासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले, असे सांगतात. आमच्या गावात मास्तरकीची उंची ही अशी आहे. माझ्याकडे कोणी घर मागितले नव्हते. एका मुलीच्या डब्याकडे नीट पाहावे, एवढेच काम होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आजाराच्या लक्षणांची यादी कोणताही डॉक्टर देईल. शिक्षकापुढे, आणि आईबापांपुढे, त्याआधी एक नैतिक प्रश्न उभा असतो. आपण ज्या परंपरेत वाढलो तीत न खाणे हा सद्गुण आहे. मग संयम कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याचा अधिकार मला कोणी दिला?

पहिल्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. उपवास वाईट, असे मी म्हणणार नाही. माझी आई जन्मभर एकादश्या करीत आली आणि तिच्या चेहऱ्यावरचे समाधान मी पाहिले आहे. पण तिच्या उपवासाला पारणे असे. द्वादशीला सकाळी ती स्वयंपाक करी, नैवेद्य दाखवी आणि आम्हा सगळ्यांबरोबर जेवी. त्या जेवणाची चव तिला आदल्या दिवसापेक्षा गोड लागे. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण मांडले, तेही साऱ्या जगाला कारण सांगून. आणि ते सोडले तेव्हा रवींद्रनाथ ठाकूर जवळ होते. खऱ्या उपवासाचे कारण चारचौघांत सांगता येते, त्याचा शेवट आधी ठरलेला असतो, आणि तो शेवट चारचौघांत होतो. त्या मुलीच्या उपवासाचे कारण तिला कोणाला सांगता येत नव्हते. तिचा शेवट रोज पुढे सरकत होता. काट्यावरचा एक आकडा गाठला की त्याच्या खालचा दिसे. आणि ती एकटी होती. संयमात माणूस भुकेचा धनी असतो. आजारात भूक माणसाची धनीण होते. ज्याला पारणे नाही तो उपवास नव्हे, एवढी एकच खूण मला सापडली आहे, आणि ती मी आता डोळ्यांआड करीत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेच्या रानात देह वाळवून टाकला, आणि शेवटी हा मार्ग नव्हे असे ओळखून अन्न घेतले. सुजातेने दिलेली खीर खाल्ली, असे परंपरा सांगते. त्या वेळी त्याचे पाच सोबती, ज्यांना त्याच्या उपासमारीचा मोठा अभिमान होता, ते 'हा भ्रष्ट झाला' म्हणून त्याला सोडून गेले. आजवर ही कथा मी वर्गात सुजातेसाठी सांगत असे. आता ती सांगताना मला ते पाच जण दिसतात. वर्गात उभा राहून 'संयम शिका' म्हणणारा मी त्यांच्यातलाच सहावा होतो. आणि सुजातेचे काम आमच्या शाळेत हातात बादली घेतलेल्या एका बाईने केले होते, जिचे मी ऐकून घेतले नाही.

दुसरा प्रश्न डोकावण्याचा. मुलगी दवाखान्यातून परत आल्यावर मी आधी चुकलोच. मधल्या सुट्टीत तिच्या बाकाशी उभा राहून "संपव बघू सगळा डबा" असे म्हणू लागलो. ती डोळ्यांत पाणी आणून डबा संपवी. पंधरा दिवसांनी तिच्या चित्रकलेच्या पेटीत कागदात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. पहारेकऱ्याला चुकवायला कैदी नेहमीच शिकतो. मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तुम्ही तिच्या आजाराच्या बाजूला उभं राहू नका आणि तिच्या विरुद्धही उभं राहू नका. तिच्या शेजारी बसा." काय खायचे, किती खायचे हे तिच्या आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी ठरवायचे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली उपचाराची रीत हीच आहे: आजाराचा दोष आईबापांना द्यायचा नाही, उलट बरे करण्याचे काम त्यांच्या हाती द्यायचे. शाळेने काय करायचे? तिच्याबरोबर जेवायचे.

मग ग्रंथालयाच्या कोपऱ्यात आमची एक पंगत सुरू झाली. ती, तिच्या दोन मैत्रिणी, आमच्या चित्रकलेच्या बाई, मी आणि मावशी. मावशींच्या डब्यात भाकरी आणि झुणका असे. गप्पांत अन्नाचे आणि अंगाचे नाव काढायचे नाही, एवढा एकच नियम. पहिले काही दिवस फार जड गेले. मावशी त्यांच्या म्हशीच्या खोड्या सांगत. एकदा मुलगी हसता हसता घास गिळून गेली, आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहिलेच नाही असे दाखवले.

या वर्षात मी जे शिकलो ते सांगतो. ज्याला उपयोगी पडेल त्याने घ्यावे. मूल नेहमी 'खाऊन आलो' म्हणते, घासाचे तुकडे करीत बसते, खाल्ल्याबरोबर उठून नळाकडे जाते, उन्हाळ्यात स्वेटर घालते, चक्कर येते, केस गळतात, गाल कानाखाली सुजल्यासारखे दिसतात, आजारी असतानाही व्यायाम चुकवत नाही, चारचौघांत जेवायचे टाळते: यांतले एक दिसले तर घाबरू नये, तीन-चार दिसली तर गप्प बसू नये. आणि अंग भरलेले आहे म्हणून आजार नाही, असेही समजू नये. खाऊन काढून टाकणारी मुले पुष्कळदा वजनाने आपल्या-तुपल्यासारखीच असतात. बोलायचे ते एकांतात, पण दुसरे विश्वासाचे माणूस जवळपास असताना. 'तू जेवत नाहीस' असा आरोप करू नये. 'चार दिवस तुला चक्कर येताना पाहतोय, मला काळजी वाटते' असे म्हणावे. मूल नाकारील. नाकारू द्यावे, आणि आठवड्याने पुन्हा विचारावे. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये; ते पाळले तर मूल जाते आणि मोडले तर विश्वास जातो. घरच्यांना दोष न देता कळवावे आणि डॉक्टरांकडे लवकर न्यावे. कुठे जावे हे सुचत नसेल तर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

डोकावण्याच्या अधिकाराचे उत्तरही मला याच पंगतीत मिळाले. दुसऱ्याच्या ताटात पाहण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो स्वतःचे ताट शेजारी मांडायला तयार आहे. लांबून पाहणे ही पाळत. शेजारी बसून पाहणे ही माया. दोन्हींत डोळे तेच असतात, पण मुलाला त्यांतला फरक लगेच कळतो.

आमच्या शाळेत आता वजन पडद्याआड, एकेकट्याचे घेतात. आकडा कोणी वाचत नाही. माझ्या त्या विनोदानेच ती आजारी पडली, असे डॉक्टर म्हणत नाहीत. अशा आजाराला रक्तातली, स्वभावातली, घरातली, जगातली अशी अनेक कारणे असतात, असे ते सांगतात. ते ऐकून मला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. वाळलेल्या रानात एका ठिणगीने वणवा लागला की दहा ठिणग्यांनी, हे ठिणगी टाकणाऱ्याने मोजत बसू नये. एके दिवशी मी तिची माफी मागितली. तिने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि विचारले, "तुम्हाला आठवतंय सर?" म्हणजे तिला ते आठवत होते, आणि मला आठवते की नाही हे तिला जाणून घ्यायचे होते.

ती अजून बरी झालेली नाही. बरी होते आहे. मधे दोनदा घसरली. या नवरात्रात डॉक्टरांनी तिला एकही उपवास करू दिला नाही. सगळ्या घरात आपणच तेवढे जेवतो, याची तिला लाज वाटत होती. मावशींनी मात्र नऊ दिवस धरले होते. दसऱ्यानंतर शाळा भरली तेव्हा त्यांनी घटावर बांधलेल्या कडाकण्या पदरात बांधून आणल्या. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून एक कडाकणी त्यांनी मोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली. "घे गं. तुजं बी पारणं, माजं बी पारणं." तिने ती हातात घेतली. बराच वेळ हातातच होती. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. मग तिने एक कोपरा मोडून तोंडात टाकला. मी माझ्या डब्याकडे पाहत राहिलो.

वाचकहो, या चार दिवसांत तुमच्याकडे भाचरे येतील, पुतण्या येतील, वर्षाने भेटणारी मुले येतील. दारात पाऊल टाकताच 'किती गं सुटलीस!' किंवा 'अगदी काडी झालास की!' असे म्हणायला आपली जीभ शिवशिवते. त्यात प्रेमच असते, हे मला ठाऊक आहे. माझ्याही विनोदात प्रेमच होते. या वेळी ते वाक्य गिळून टाका. करंजी पुढे करा, आपणही एक घ्या आणि त्या मुलाच्या शेजारी बसा.